कल म्हणजे काल की उद्या

आपा पहिल्यांदा आमच्या क्वार्टरमध्ये आली ती माझा ब्लाऊज द्यायला. पॉवर स्टेशनच्या ऊर्जानगर कॉलनीबाहेर, बाजाराच्या ओळीत तिचं शिलाईचं आणि फॉल-पिकोचं लहानसं दुकान होतं. मी चार वेळा निरोप पाठवूनही ब्लाऊज आला नव्हता, म्हणून त्या दिवशी ती स्वतःच घेऊन आली. टीव्ही चालू होता. पांढऱ्या पोशाखातली एक बाई लाल मातीच्या ग्रहावर एकटीच चालली होती. आपा पुडकं हातात धरून दारातच थांबली आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता उशिराबद्दल काहीतरी कारण सांगेल.

"बाई," ती म्हणाली, "या बाईच्या कपड्याले चेन कुठी हाय?"

मी पाहिलं. खरंच, चेन नव्हती. हूक नव्हता, काज नव्हतं, नाडी नव्हती. असल्या मालिका आणि सिनेमे मी किती वर्षं पाहत होते, पण ती माणसं त्या पोशाखात शिरतात कुठून आणि बाहेर पडतात कशी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आम्ही दोघी पुढचा अर्धा तास फक्त तेवढंच शोधत होतो. मध्येच तिला लागली तर ती काय करते, हे आपाने विचारलं तेव्हा मला इतकं हसू आलं की ब्लाऊजच्या बाह्या तंग झाल्यात हे सांगायचं राहून गेलं.

तेव्हापासून दुपारी जोहरची नमाज झाली की दुकानाचं शटर अर्धं ओढून आपा आमच्याकडे येऊ लागली. आमचे हे पॉवर स्टेशनात होते, ते संध्याकाळच्या कंपनी बसने येत. मुलं नोकरीला लागून गावोगावी पांगलेली. दुपार माझी होती आणि ती मी ताऱ्यांमध्ये घालवत असे. हे कॉलनीतल्या बायकांना सांगायची सोय नव्हती. एकदा भिशीच्या दिवशी मी एका मालिकेतल्या यंत्रमानवाबद्दल बोलायला लागले, तर एकजणीने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

आपाला असलं सांगावं लागत नसे. ती कपड्यांतून आत शिरायची. हजार वर्षांनंतरच्या जगात सगळेजण राखी रंगाचेच का घालतात, यावर तिचं ठाम मत होतं. ती म्हणे, रंगारी मेले असतील. एका सिनेमात माणसांच्या हुबेहूब नकला तयार करणारा कारखाना होता. त्या नकला अंगावर मापाचे कपडे घालूनच बाहेर पडत, याचा तिला फार राग आला. माप कोणी घेतलं ते दाखवा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी धानाच्या गावची. माहेरही शेतीचं, सासरही धानोऱ्याकडे शेतीचंच. त्यामुळे माझं लक्ष जेवणावर. अंतराळयानात रोपं वाढवतात, काचेच्या खोलीत, निळ्या उजेडात, आणि पीक काढताना कोणाच्याही पाठीला बाक येत नाही. धानाची रोपं, आमचे पऱ्हे, कोण काढतं, रोवणी कोण करतं, काही नाही. नायक येतो, एक टमाटर तोडतो आणि डोळ्यांत पाणी आणतो. मी एकदा चिडून म्हटलं की याला आषाढात आमच्या धानाच्या बांधीत, चिखलात उभं करा, मग खरं पाणी येईल.

परग्रहावरचे लोक नेहमी मोठ्या शहरांवरच का उतरतात, हा आमचा आवडता विषय होता. एका नव्या मालिकेत त्यांचं यान थेट उंच इमारतींमध्ये येऊन थांबलं, तेव्हा आपाने विचारलं की ते आपल्या जंगलात उतरले तर काय होईल. मी विचार करून सांगितलं की काहीच होणार नाही. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया पाहतील, वनखात्यानं वाघासाठी नवीन काहीतरी लावलं असेल असं समजून वळसा घालून पुढे जातील. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची सवय आहेच. ते बिचारे परग्रहावरचे आठवडाभर वाट पाहून निघून जातील. आपा म्हणाली की मग कदाचित येऊनही गेले असतील. हे खोटं आहे असं मलाही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

मग ती बंदराची मालिका आली.

गोष्ट अशी. कुठल्याशा थंड देशात एक बंद पडलेलं बंदर आहे. तिथे मासे साठवायची जुनी बर्फाची कोठी आहे, आणि तिचं दार दर वेळी वेगळ्याच सालात उघडतं. एक आई त्या दारातून जाते आणि परत येत नाही. मुलगी धक्क्यावर वाट पाहत मोठी होते, आईच्या वयाची होते. बंदरावर एक जुना वायरलेस आहे. त्यावर कधी कधी, खरखर करत, आईचा आवाज येतो. बस, एवढंच. त्यात मारामारी नाही, यानं नाहीत. पण आम्ही दोघी ती मालिका अशी पाहिली की आपा दुकानातली कामं हातात घेऊन येई आणि एकही टाका न घालता परत नेई.

आम्ही हिंदी डबिंगमध्ये पाहत होतो. आपाच्या घरी हिंदी बोलतात, माझ्याशी ती आमच्या इकडच्या मराठीत बोले, त्यात हिंदी कुठे संपते हे तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्या सीझनच्या शेवटी मुलगी आता तिथून कायमची जायला निघते. पेटी उचलते. आणि वायरलेस खरखरतो. आईचा आवाज येतो: "कल... इसी जगह..." पुढे नुसती खरखर. मुलगी वळून धक्क्याकडे पाहते. संपलं.

मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, चला, उद्या येणार तर.

आपा माझ्याकडे पाहतच राहिली. ती रडत होती, पण तिचं रडणं वेगळं होतं. तिने ऐकलं होतं, काल. आई काल येऊन गेली, त्याच जागी, आणि मुलीला कळलंच नाही.

इतकी वर्षं हिंदी ऐकूनही हा घोळ माझ्या कधी लक्षात आला नव्हता. बोलताना पुढे क्रियापद येतं, कल आया, कल आएगा, आणि कोणाचं काही अडत नाही. इथे क्रियापद खरखरीत गेलं होतं. मी आपाला ऐकवलं की आमच्या मराठीत असली भानगड नाही. काल म्हणजे काल आणि उद्या म्हणजे उद्या. तुमच्या भाषेत माणूस येऊन गेला की यायचा आहे तेच समजत नाही, मग तुम्ही लोक गाड्या कशा पकडता? हे मी एकदा नाही, वर्षभर ऐकवलं. ती ऐकून घ्यायची. तिच्या तोंडात टाचण्या असायच्या.

दुसऱ्या दिवसापासून आमचं भांडण सुरू झालं, ते मिटलंच नाही. आपाकडे पुरावा होता. चौथ्या भागात बंदरावरच्या गर्दीतून तपकिरी कोट घातलेली एक बाई पाठमोरी जाते. तिच्या कोटाच्या पट्ट्याचं बटण पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं आहे, बाकीची काळ्या दोऱ्याने. आणि पहिल्या भागात आई घाईघाईत एक तुटलेलं बटण लावते, ते पांढऱ्या दोऱ्याने. म्हणजे ती आईच. आली आणि गेली. मी म्हटलं की दोरा काय सगळ्या दुनियेत मिळतो. माझा पुरावा असा की शेवटून दुसऱ्या भागात बंदरावरचा म्हातारा टेबलावर दोन कप मांडतो. कोणी यायचं असल्याशिवाय माणूस दुसरा कप कशाला मांडेल? आपा म्हणाली, सवयीनं.

आमच्या ह्यांना आम्ही पंच नेमलं. त्यांनी तो शेवट दोनदा ऐकला आणि निकाल दिला की दोघींचंही चूक आहे, तो वायरलेस आधी दुरुस्त करायला पाहिजे.

मोबाइलवर या मालिकेच्या चाहत्यांचे गट होते. हिंदी गटात गेले तर तिथे नुसती हाणामारी. काल-वाले आणि उद्या-वाले. फोटो मोठे करून, गोल काढून, एकमेकांची अक्कल काढून झालेली. पांढरा दोरा तिथे कोणाच्याच लक्षात आला नव्हता, हे पाहून आपा दोन दिवस ताठ मानेने चालत होती. मग मी इंग्रजी गटात गेले. माझं इंग्रजी बीएपुरतं, हळू वाचते पण समजतं. तिथे शेवटाबद्दल पानंच्या पानं लिहिलेली, पण कल बद्दल एक अक्षर नाही. मला फार नवल वाटलं. मी जुळवाजुळव करून एक प्रश्न टाकला की आई काल म्हणते आहे की उद्या. कोणीतरी लगेच लिहिलं की हा काय प्रश्न झाला, तिने स्पष्टच तर सांगितलंय.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. इंग्रजीत दोन शब्द आहेत. ज्यांनी मूळ मालिका पाहिली त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ज्या शंकेपायी आमच्या दुपारच्या दुपारी चालल्या होत्या, ती शंका मालिका करणाऱ्यांनी घातलेलीच नव्हती. ती डबिंगच्या खोलीत कोणाच्या तरी हातून पडली होती आणि आम्ही उचलली होती.

मी रिमोट घेतला. भाषा बदलायला एक बटण पुरे होतं. आपाने माझ्या हातावर हात ठेवला.

"नका करू," ती म्हणाली. "समजलं तर मंग उद्यापासून काय बोलाचं?"

मी तिला म्हटलं की कधी ना कधी समजणारच. ती म्हणाली की समजू द्या, दुसरा सीझन आला की. पण सोबत. "मी एकटीनं पाहणार नाई, तुमीही नाई." मी हो म्हटलं. तिने माझा फोन उचलून इंग्रजी गट बंद केला आणि फोन उलटा ठेवला. आमच्यात कधी कुठली शपथ झाली असेल तर ती तेवढीच.

दुसरा सीझन काही लवकर येईना. त्याच्या आधी ह्यांची निवृत्ती आली. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि शेवटच्या महिन्यापर्यंत कोणी धरून चालत नाही. ह्यांचा जीव गावाकडच्या शेतात होता. मला मात्र तिथे जाण्यात एकच धास्ती होती, की आता बोलायचं कोणाशी. शेजारणी मिळतील, नातेवाईक तर आहेतच. पण अर्धा तास चेन शोधणारी बाई पुन्हा मिळायची नाही, हे मला सामान बांधतानाच कळत होतं.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. आपा आमच्यासोबत सामानाच्या गाडीत बसून आली. खिडक्यांचं माप मी फोनवर कळवलं होतं ते तिला पटलं नव्हतं. तिने आमच्या गावच्या घरात बसून सगळे पडदे पुन्हा टाचले, माझ्या जावेला ब्लाऊजचा गळा कसा कापावा ते दाखवलं आणि दुपारी निघाली. मी तिला धानोऱ्याच्या स्टँडवर सोडायला गेले. चहाच्या टपरीजवळच्या बाकावर आम्ही बसलो होतो. गाडी लागली तेव्हा तिने तोंडावर ओंजळ धरली आणि घशातून खरखर काढत म्हटलं, "कल... इसी जगह..." कंडक्टर दचकला. मी हसले, आणि गाडी वळल्यावर मला रडू आलं.

आमच्या गावाला गाडी येत नाही आणि घरात बसून फोन लागत नाही. गावाबाहेर आमची बोडी आहे, धानाला पाणी द्यायचं लहान तळं, तिच्या पाळीवर उभं राहिलं तर नेटवर्क पकडतं. तेही त्याच्या मर्जीने. सकाळी मी पाळीवर जायची, फोन हातात धरून थांबायची, मग कालचे, परवाचे निरोप एकदम पडत. आपाचे निरोप बोललेले असत. आज कोणी कसलं कापड आणलं, कोणत्या नव्या सिनेमात माणसं अंतराळात चपला घालून फिरतात, असं काहीबाही. मी तिथेच उभी राहून उत्तर देई. बोडीपलीकडे गाई चरत, मी हातवारे करून परग्रहावरच्या लोकांविषयी बोलते, हे पाहून गावाने माझ्याबद्दल काय ठरवलं असेल ते ठरवलं असेल.

उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुलं पडायला लागली तेव्हा दुसरा सीझन आल्याचं मला पाळीवरच कळलं. त्यानंतर दोन दिवस नेटवर्कच आलं नाही. माझा जीव खालीवर. ती पाहणार नाही हे माहीत होतं, तरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आपाचा एकच निरोप. ऐकला. खरखर, मग तिचा आवाज, तोंडावर ओंजळ धरलेला: "कल... इसी जगह..." आणि मागे शिलाई मशीनचा आवाज.

उद्या! मी पाळीवरून अक्षरशः पळत आले. ह्यांना सांगितलं की उद्या धानोऱ्याला जायचंय, आपा येते आहे. उडदाची डाळ भिजत घातली, कारण तिला माझ्या हातचे वडे आवडत. अंगण सारवलं. जाऊ धानोऱ्याच्या बाजाराला निघाली होती, तिला आलं आणायला सांगितलं. दुपारभर मी गुणगुणत होते.

जाऊ उन्हं कलताना परतली. पिशवी खाली ठेवत म्हणाली की तुमची ती शिलाईवाली आपा स्टँडवर बसून आहे.

मी म्हटलं, "कशी बसन? ते तं उद्या येनार हाय."

"मंग बसली हाय ते कोन?" जाऊ म्हणाली. "सकाळच्या गाडीनं आली म्हने. मले वाटलं तुमी घ्याले येऊन राह्यल्या."

मी फोन काढला. तेव्हा कुठे नीट पाहिलं. निरोप आदल्या दिवशी दुपारी पाठवलेला होता. तिने उद्या म्हटलं तो उद्या आजच होता, आणि तो संपत आला होता. भिजलेली डाळ तशीच टाकून मी ह्यांच्या मोटरसायकलवर बसले. रस्ताभर मी ह्यांना वेग वाढवायला सांगत होते आणि ते खड्डे दाखवत होते. ती परत गेली असेल तर काय, हा एकच विचार. परत जायला तिला एक गाडी मिळाली असती. ती पकडून गेली असती तर तिचं काही चुकलं नसतं.

आपा त्याच बाकावर होती. शेजारी पिशवी, मांडीवर फोन, उलटा ठेवलेला. उन्हाने तोंड उतरलं होतं. मला पाहून ती उठली नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुमचा उद्या उगवला का?"

मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला. सांगायला खूप होतं, नेटवर्क, पाळ, डाळ, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी विचारलं, "पाह्यलं का?"

सगळा सीझन, मागच्यासकट, तिने निघण्याआधी फोनमध्ये उतरवून आणला होता, माझ्याकडे नेटवर्क नाही म्हणून. तो मांडीवर घेऊन ती सकाळपासून बसली होती.

"एकटीनं कशी पाहीन," ती म्हणाली. "ठरलं होतं ना."

मला वडे, आलं, काहीच आठवलं नाही. मी त्या स्टँडवर, टपरीवाल्यासमोर, ह्यांच्यासमोर रडले. आपाने पिशवीतून रुमाल काढून दिला आणि टपरीवाल्याला तीन चहा सांगितले.

पहिला भाग आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहिला. फोन स्टीलच्या डब्याला टेकवला होता. जाऊही येऊन बसली, तिला मागचं काही माहीत नव्हतं, तरी ती कोठीचं दार उघडायला लागलं की पदर तोंडात धरायची. भागाच्या मध्यावर मुलीला वायरलेसची जुनी फीत सापडते. ती खरखर पुसून काढते. आणि पूर्ण वाक्य ऐकू येतं.

"कल, इसी जगह, मैं खड़ी थी। तुम नहीं आईं।"

म्हणजे काल. आपाचं बरोबर होतं. जिंकल्याचा आनंद तिला झाला असता तर मी समजू शकले असते, पण ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. ती फोनकडेच बघत राहिली. मी मात्र पुढचं काही ऐकलं नाही. कोण धक्क्यावर उभं होतं, कोण आलं नाही, ते मला आदल्या दिवशीच दाखवून झालं होतं. इंग्रजीत पाहणाऱ्यांना हे वर्षभर माहीत होतं. सगळं जग मागे वळून विचारत होतं की काल त्या जागी काय झालं, आणि मी एक आख्खा हिवाळा पुढे तोंड करून, त्या मालिकेत नसलेल्या उद्याची वाट पाहिली होती. तरी मला तो हिवाळा वाया गेला असं वाटत नाही. वाट पाहायला एक उद्या होता, हे काय थोडं झालं?

पांढऱ्या दोऱ्याचं मात्र काहीच निघालं नाही. तपकिरी कोटवाली कोणी भलतीच निघाली, मासे विकणारी. आपाने पहिल्या सीझनचे ते दोन्ही भाग पुन्हा लावून पाहिले आणि शेवटी निकाल दिला की कपडेवाल्यांनी एकच कोट दोघींना घातला, आणि हा शुद्ध आळशीपणा आहे. माझ्या दोन कपांचंही पुढे काही झालं नाही. तो म्हातारा सवयीनेच मांडत होता.

ती दोन रात्री राहिली. सगळा सीझन झाला, वडे झाले, जावेचे दोन ब्लाऊज झाले. लग्नसराईची शिलाई दुकानात पडली होती, तिला जाणं भाग होतं. आम्ही पुन्हा त्या बाकावर बसलो. या वेळी गाडी लागली तेव्हा मी आधीच बजावलं की आता कधी येणार ते सांगून जा, आणि मराठीत सांगा. तुमचा तो कल मला नको. आमच्या भाषेत घोळ नाही.

आपा पायरीवर चढली, खिडकीशी जाऊन बसली आणि गज धरून खाली वाकली. तिचं तोंड अगदी गंभीर होतं.

"परवा," ती म्हणाली.

गाडी सुटली. मी हात हलवत होते. गाडी गडचिरोलीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, ह्यांनी मोटरसायकल सुरू केली, आणि मग माझ्या डोक्यात ते शिरलं. परवा. ती आली होती तो दिवस परवाच होता. येणार असेल तर तोही परवाच. इतकी वर्षं हा शब्द मी दिवसातून दहादा बोलते आहे आणि वर्षभर तिला ऐकवते आहे की आमच्या मराठीत असली भानगड नाही. एका दिवसापुरती नाही, हे खरं. दुसरं पाऊल टाकलं की आम्हीही तिथेच. स्टँडवर बसल्या बसल्या तिने हे केव्हा शोधून काढलं असेल कोणास ठाऊक, आणि शोधल्यावर निघेपर्यंत तोंडात धरून ठेवलं, टाचणीसारखं. ह्यांनी विचारलं की एकटीच काय हसतेस.

त्यानंतर दोन दिवसांनी मी धानोऱ्याला गेले. काम काही नव्हतं. ती येणार नाही हेही मला पक्कं माहीत होतं, तिच्या दुकानात नवऱ्यामुलींच्या ब्लाऊजांचा ढीग होता. तरी सकाळची गाडी लागायच्या आधी मी त्या बाकावर जाऊन बसले. गाडी आली. माणसं उतरली, पोती उतरली. आपा नव्हती. मी तिथेच बसून राहिले. ऊन पाठीवरून पुढे आलं, टपरीवाल्याने न विचारता चहा दिला. त्या बाकावर दुपार फार लांब असते. आपाने ती मांडीवर सगळी गोष्ट उलटी ठेवून कशी काढली असेल, ते मला बसल्याशिवाय समजलं नसतं.

धानोऱ्यात नेटवर्क चांगलं आहे. निघण्याआधी मी तोंडावर ओंजळ धरली, जमेल तेवढी खरखर काढली आणि तिला निरोप ठेवला: "परवा... इसी जगह..."

उत्तर लगेच आलं. मशीनचा आवाज थांबला होता.

"गेलेला का येनारा?"

मी लिहिलं, "दोनी."